मधले दोन खांब

६ मार्च, सोमवार

ती. दादास,
सप्रेम नमस्कार.

तू बरा असशील. वहिनीचा गुडघा कसा आहे? पट्टा लावते का, की कपाटात ठेवून दिलाय? इकडे आम्ही मजेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. साईटचा ड्रायव्हर फरश्या आणायला तुमच्याच बाजूला येतो, त्याच्या हाती देते. न वाचता फाडू नकोस, एवढंच.

क्लबचं काम संपत आलं. पाहिलास तर ओळखणार नाहीस. समुद्राकडची ती अंधारी गॅलरी गेली, तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती काच. कपडे बदलायच्या खोल्यांतली सागवानी कपाटं मात्र मी ठेवली, पितळी आकड्यांसकट. सत्तेचाळीसचं दार अजूनही लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आई ज्या खिडकीतून सभासदांना टॉवेल द्यायची, ती खिडकीही ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, "ही कशाला?" मी म्हटलं, "उजेडाला." आपण दोघं त्या खिडकीखाली बसून अभ्यास करायचो आणि कुणी सभासद आला की पाय आत घ्यायचो, हे त्यांना काय सांगायचं?

वरच्या गच्चीवर एक उथळ हौद केला आहे. जेमतेम वीतभर पाणी, पण कठड्यापाशी उभं राहिलं की हौद कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नाही. परवा भरला. येत्या शनिवारी उद्घाटन. वरच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं, बँड, नाच.

बाकी किरकोळ कटकटी. खालच्या हॉलची दोन दारं कालपासून चौकटीत अडकतात. सुतार म्हणतो, खाऱ्या हवेनं लाकूड फुगलं. असेल.

एक सहज विचारते. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या घराचं काम चाललंय. तीस फुटांची लोखंडी तुळई मध्यावर किती वाकलेली चालते? म्हणजे कितीपर्यंत घाबरायचं नसतं? दोन ओळी लिहून ड्रायव्हरजवळ दिल्यास तर बरं. त्या बाई उगीच काळजी करत बसल्या आहेत.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठकी


८ मार्च, बुधवार

दादा,

ड्रायव्हर रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि आत गेले." वाचलंस, एवढं तरी कळलं.

ओळखीच्या बाई वगैरे कुणी नाहीत, हे तू लगेच ओळखलं असशील.

खालच्या हॉलच्या छताला, काचेच्या बाजूला, सोमवारी सकाळी एक भेग दिसली. केसाएवढी. मिस्त्रींनी तिच्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली. छत हललं तर पट्टी तुटेल म्हणून. हे तुला सांगायला नको, मला तूच शिकवलंस. काल सकाळी पट्टी अख्खी होती. दुपारी मिस्त्रींनी हाक मारून मला शिडीवर चढवलं. पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

"मॅडम, काल हिच्यात कागद जात नव्हता," ते म्हणाले, आणि अंगठ्याचं नख भेगेत घालून दाखवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "ते मधले दोन खांब काढायला तुमच्या दादांनी हो म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

सेक्रेटरींच्या कानावर भेग घातली. ते हसले. "अहो, भेग तर माझ्या बेडरूममध्येही आहे, वीस वर्षं तिच्याखाली झोपतोय. आमंत्रणं गेलीत. शनिवार हलणार नाही." निदान हौद तरी रिकामा करू म्हटलं, तर गुरुवारी दुपारी फोटो काढणारे येणार आहेत, ते झालं की बघू म्हणाले. आणि दादा, मी मान डोलावली. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

काल दुपारपासून छताकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. त्या हॉलमध्ये मी हळू बोलते, हळू चालते. जणू माझ्या चपलेच्या आवाजानंच ते खाली येणार आहे.

आता लिहितेच. तू सहा खांब धरून हिशेब केला होतास. "ठकी, खांब राहू देत, काच मागे घे," म्हणालास. मी सगळ्या कमिटीसमोर तुला म्हातारा झालास म्हटलं आणि तू उठून गेलास. तुला वाटलं असेल, हिने दुसरा इंजिनिअर घेतला. नाही घेतला. दोघांना विचारलं, दोघांनीही नाही म्हटलं. परवानगीला इंजिनिअरची सही लागते. मी तुझ्या फाइलमधलं सहीचं पान तसंच ठेवलं आणि आतली पानं बदलली. चार खांबांचा नकाशा घातला. वर तुळई कोणती, तर विकणाऱ्याने "आरामात पेलेल" म्हटलं ती. हौद त्याच्याही नंतर सुचला. तो कुठल्याच कागदावर नाही.

म्हणजे काही झालं, तर कागदावर तू आहेस.

माणसं मरतील याची भीती मला आधी वाटायला हवी होती. आधी वाटली ती फाइल कुणी उघडेल याची. दोन दिवस गप्प बसले ती त्यामुळे. लहानपणी तू लाडानं ठकी म्हणायचास. मी लोकांना ठकवून ते नाव खरं केलं.

तू ये. माझ्यासाठी नको येऊस. रोज सकाळी पोहून झालं की त्या छताखाली बायका बसतात.

ठकी


१० मार्च, शुक्रवार

दादा,

काल तू आलास. चार तास होतास, आणि त्यात माझ्याशी बोललास ते एक वाक्य. म्हणून पुन्हा पत्रच.

तू यायच्या आधी काय झालं ते तुला अर्धवटच कळलं असेल. सकाळी पोहायला येणाऱ्या त्या अकरा बायका, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, पाण्यातून वर येऊन काचेजवळ चहा पीत बसल्या होत्या. बरोबर भेगेखाली. मी दारात उभी. तू येईपर्यंत काही बोलायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात छतातून आवाज आला. मोठा नव्हता. जेवताना दाताखाली खडा यावा तसा. सगळ्यांनी वर बघितलं आणि पुन्हा गप्पांना लागल्या.

मी ओरडले, "उठा! सगळ्या बाहेर चला! छत पडेल!"

"अगं, केस तरी पुसू दे," निळ्या टोपीवाल्या आजी म्हणाल्या.

"आजी, मी चुकीचं बांधलंय. उठा!"

हे ऐकल्यावर मात्र उठल्या. दहाजणी वाळूवर पोचल्या. टोपीवाल्या आजी चप्पल शोधत मागे राहिल्या होत्या, मी त्यांचा दंड धरून ओढत होते, आणि मधली काच फुटली. वरून कुणी दाबल्यासारखी, एकदम. मला ओरखडाही नाही. त्यांच्या पोटरीला सात टाके पडले. आज सकाळी भेटून आले. "माझी चप्पल सापडली का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

तू आलास तेव्हा मिस्त्री हौदाचं पाणी सोडत होते. तू माझ्याकडे न बघता आत शिरलास. मी मागे यायला लागले तर न वळताच म्हणालास, "ठकी, बाहेर थांब." मग टेकू, पाचरी, मिस्त्रींना एकेक माप. तू त्या छताखाली होतास तोवर मी वाळूवर उभी राहून नुसते आकडे मोजत होते, कशाचे ते ठाऊक नाही. तुळई तीन बोटं खाली आली होती, हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं. टेकू लागले आणि आवाज थांबला. सेक्रेटरी पांढरेफटक पडले होते. शनिवारचं नाव कुणी काढलं नाही.

मग नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. फाइल उघडून त्याने ते पान तुझ्यासमोर धरलं. "ही सही तुमची?"

तू बघितलंस. आतली पानंही उलटलीस, एकेक. चार खांबांच्या नकाशावर तुझं बोट थांबलेलं मला लांबून दिसलं.

"सही माझी आहे," म्हणालास. पुढे काही नाही. गाडीत बसलास आणि गेलास.

दादा, छताची भीती वेगळी होती, ती मापात सांगता येत होती. कालपासून जी बसली आहे ती निघत नाही. सोमवारी नगरपालिकेच्या चौकशीत तू पुन्हा तेवढंच म्हणशील. एक शब्दही खोटा न बोलता सगळं अंगावर घेशील. तीस वर्षं लोकांनी तुझी सही बघून घरं बांधली, ती सही माझ्यापायी जाईल, आणि मी गप्प बसले तर सुटेन. आरामात सुटेन. गप्प बसणं मला किती छान जमतं ते या आठवड्यात कळलंय. मला माझीच भीती वाटली.

म्हणून तुला विचारलं नाही. आजींना भेटून निघाले ती थेट नगरपालिकेच्या कचेरीवर गेले आणि दार उघडायच्या आधी पायरीवर बसून लिहून काढलं. कोणती पानं बदलली, कधी बदलली, तुळई कुणाच्या सांगण्यावरून घेतली, हौद कधी वाढवला, तुझा मूळ नकाशा कुठे आहे. सगळं. कारकुनाने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "बाई, वकिलाला दाखवलंत का? सोमवारी आणा."

"सोमवारी मी आणणार नाही," मी म्हटलं. "आत्ताच शिक्का मारा."

त्याने मारला.

शिक्क्याची प्रत सोबत आहे. परवाना जाईल हे नक्की. त्याच्या पुढचं विचारायचं धाडस झालं नाही. खूप घाबरले आहे रे. पण तू आता मला वाचवू शकणार नाहीस, तेवढी तजवीज करून ठेवली आहे.

वहिनीलाही हे वाचून दाखव.

सोमवारी दहाला बोलावलंय. येऊ नकोस. तुला समोर बघितलं की मी रडेन, आणि मग जे सांगायचंय ते मला धड सांगता येणार नाही.

तुझी,
ठकी