दुसरे बोलावणे

लिहून ठेवणार: श्रीमती वैजयंती जानराव उगले, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशिम.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. काही बाबतींत ती थोडी कमी असती तरी चालले असते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. हृदयाची एक झडप निकामी होत आल्याचे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. शस्त्रक्रिया मी नाकारली आहे. म्हणून जे माझे आहे त्याची व्यवस्था आजच लावून ठेवते.

१. शेत. अनसिंग शिवारातील माझे शेत मुलगा धनराज यास मिळावे. तो पुण्यात राहतो, शेत बटाईने दिलेले आहे. त्याने ते कसावे, ठेवावे किंवा विकावे. बांधावरचा हिवर तोडू नये असे लिहिणार होते, पण मेलेल्या माणसाने झाडावर पहारा ठेवू नये.

२. दागिने. पाटल्या व पोत सून उज्ज्वला हिला. तिने खुशाल मोडून तिला आवडेल ते करावे. मी सासूच्या पाटल्या जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात घातल्या आणि घरी येऊन काढून ठेवल्या.

३. घर. राहते घर, पुढची ओसरी, स्वयंपाकघर व मागच्या अंगणासह, सांजसोबत फाउंडेशन, वाशिम, या धर्मादाय संस्थेस द्यावे. या ओसरीत रोज दुपारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांची पंगत बसते. ती माझ्यामागे मोडू नये, एवढ्यासाठीच हा कागद लिहिते आहे. बाकीची कलमे कागदाशिवायही निभावली असती.

धनराजला हे कलम आवडणार नाही. पंगत सुरू झाली तेव्हा त्याचा फोन आला होता.

"आई, लोक म्हणून राह्यले, पोरगा मायले पाहत नाही, म्हणून ते सरकारी जेवणावर बसली."

"सरकारी नाही. फाउंडेशनचं आहे."

"मंग तर अजूनच झालं."

धनराज, तू मला पाहिलेस. दर महिन्याला पाठवलेस, दर दिवाळीला न्यायला आलास. मी एकटीसाठी स्वयंपाक करणे सोडले होते, हे तुला पुण्याहून दिसण्यासारखे नव्हते. सकाळी टाकलेली भाकर मी संध्याकाळी दुधात कुस्करून खात असे. गावात अशी घरे बरीच होती. पोरे बाहेर, धान्य कोठीत, आणि चूल पेटवायला कारण नाही.

४. घराची अट. घर फाउंडेशनकडे राहील ते पंगत चालू असेपर्यंत, आणि पंगतीला दोनदा बोलावले जात असेपर्यंत. दोन्हीपैकी एक बंद झाले तर घर धनराजकडे जावे. हे कलम वाचून फाउंडेशनचे वकील हसतील. त्यांच्यासाठी खुलासा करते.

फाउंडेशनतर्फे वैभवी नावाची मुलगी माझ्याकडे आली. चांगली मुलगी. तिने ओसरी मागितली, मी दिली. भांडी आली, स्वयंपाकाला दोन बाया लागल्या, दारावर पाटी लागली: ज्येष्ठांसाठी मोफत भोजन. पहिल्या दिवशी वरण, पोळ्या, वांग्याची भाजी असा स्वयंपाक झाला. कोणी आले नाही.

"बाई, गरजच नाही का हो यांना?" वैभवीने विचारले.

मी तिला घेऊन दारोदार गेले. प्रत्येकाचे जेवण झालेले होते. काही घरांत सकाळपासून धूर निघालेला नव्हता, तिथेही झालेले होते. शेवटचे दार माझ्या शेजारणीचे, रंगूबाई गोटे हिचे. आमचे बोलणे बंद होते. त्याचे कारण कलम ६ मध्ये आहे.

"आवतन कोणाचं हाय?" तिने दारातूनच विचारले. "त्या पाटीचं?"

वैभवीला कळले नाही. मला कळले. आमच्याकडे कोणी आवतन दिल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला जात नाही. उपाशी असला तर मुळीच जात नाही. आवतन घराचे असते, पाटीला ते देता येत नाही.

"माझं आवतन आहे," मी म्हणाले. "माझ्या घरचं."

"तुह्या घरचं," असे म्हणून तिने दार लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वैभवी घरोघर जाऊन आवतन देऊन आलो. सगळ्यांनी येतो म्हटले. दुपारी ताटे मांडली. दोघेचौघे आले, बाकीची ताटे तशीच. वरणावर साय धरली. वैभवीचा चेहरा मला पाहवेना. मी काठी घेऊन बाहेर पडले. रंगूबाई तिच्या ओट्यावर बसलेली होती. धुतलेले लुगडे, विंचरलेले केस, बाजूला पाण्याने भरलेला तांब्या.

"काहून आली नाहीस?" मी विचारले. सकाळचे आवतन सोडले तर इतक्या वर्षांनी मी तिच्याशी आपणहून बोलत होते.

"बोलावणं कुठी आलं?"

"सकाळी सांगून गेले की."

"ते आवतन होतं. बोलावणं येगळं. मास्तरीण असून तुले समजत नाही काय?"

मी गल्लीत पाहिले. ओट्या-ओट्यावर एकेक म्हातारे माणूस तांब्या घेऊन बसलेले होते. पूर्वीची रीत हीच. सकाळी आवतन, आणि पाने मांडली की दुसरे बोलावणे. ते आल्याशिवाय उठायचे नाही. आता लग्नांतही लोक थाळी घेऊन रांगेत उभे राहतात, त्यामुळे ही रीत गावातून गेली असे आम्ही धरून चाललो होतो. ती या ओट्यांवर शिल्लक होती.

मी प्रत्येक दारी जाऊन "चला, पाने मांडली" म्हटले. सगळे उठले. रंगूबाई सर्वांत शेवटी आली आणि सर्वांत जास्त जेवली. वरणात मीठ कमी असल्याचेही तिनेच सांगितले.

पुढे फाउंडेशनच्या मोठ्या कचेरीतून सूचना आली की दुसरे बोलावणे मंदिराच्या भोंग्यावरून करावे, वेळ वाचेल. वैभवीने कळवले की वेळ वाचवून या लोकांनी करायचे काय. तिची नोकरी जाते की काय असे मला वाटले, गेली नाही. त्याच हिवाळ्यात तांड्यावरचे सेवालाल राठोड सकाळी आवतनाला "येतो ना" म्हणाले आणि दुपारच्या बोलावण्याला त्यांनी ओ दिली नाही. मोरीत पडलेले सापडले. फाउंडेशनच्या गाडीने त्यांना वाशिमला नेले. आज ते वॉकर घेऊन पंगतीला येतात आणि त्या वॉकरला बैल म्हणतात.

फाउंडेशन चष्मे देते, कानाची यंत्रे देते, महिन्याला नर्स पाठवते. हे सर्व चालू राहावे. पण माणूस सकाळी होता आणि दुपारी आहे, हे कोणीतरी दाराशी जाऊन पाहिले पाहिजे. म्हणून बोलावणे पायी व्हावे. भोंगा, घंटा, मोबाईल यांपैकी काहीही चालणार नाही.

५. यजमानपण. संस्थेला घर मिळाले तरी तिचे आवतन लागत नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा माझ्यामागे या घराला यजमान पाहिजे. मी तो हक्क रंगूबाई बळीराम गोटे हिला हयातभर देते. स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडे राहील. आवतन तिच्या नावाने जाईल. ती बोलावणे चुकवणार नाही, कारण बोलावणे चुकले तर माणसाला काय वाटते हे तिच्याइतके गावात कोणाला माहीत नाही. तिच्यामागे तिने निवडलेले माणूस.

६. नाली. आमच्या मोरीचे पाणी माझ्या पतींनी घर बांधताना रंगूबाईच्या दारावरून सोडले. ते हयात असेपर्यंत त्यांनी नाली वळवू दिली नाही. ते गेल्यावर मी गवंडी बोलावला, तर रंगूबाईने त्याला हाकलून दिले. "आता राहू दे. मंग मी भांडू कायच्यावर?" तरी नाली वळवण्याचा खर्च माझ्या बचतीतून राखून ठेवावा. वळवायची की भांडायला ठेवायची, हे तिने ठरवावे.

७. तेरवी. माझ्या तेरवीला मंडप, केटरर काही नको. नेहमीची पंगत बसेल. त्या दिवशीचे आवतन आणि बोलावणे धनराजने करावे, दोन्ही वेळा, पायी. त्याला घरे माहीत नसतील. रंगूबाई दाखवील.

कलम ५ मी रंगूबाईला विचारूनच लिहिले आहे. आज सकाळी तिच्याकडे गेले. ती उन्हात तूर निवडत होती.

"मी मेल्यावर पंगतीचं बोलावणं तू करशील काय?"

"तुह्या नवऱ्यानं माह्या दारात मोरी सोडली."

"हो."

"आन् मी त्या घरची यजमानीण?"

"हो."

"पाहू," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचू लागली.

मी परत आले आणि वरचा सर्व मजकूर लिहिला. दुपारची पंगत उठल्यावर साक्षीदार आले. तेव्हा मी पुन्हा तिच्या दारी गेले आणि म्हणाले, चल, कागद मांडला आहे. ती ओट्यावर बसलेली होती. लुगडे बदललेले, तांब्या बाजूला.

"लय येळ लावला," ती म्हणाली. "मी कवाची बसून राह्यली."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने केले. ते साक्षीदारांना वाचून दाखवले, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: अनसिंग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: वैजयंती जानराव उगले

साक्षीदार:
१) मोहनसिंग रामधन राठोड, निवृत्त पोस्टमन, अनसिंग. (सही)
२) बेबीताई उत्तम कव्हर, निवृत्त अंगणवाडी सेविका, अनसिंग. (सही)

डाव्या हाताचा अंगठा: रंगूबाई बळीराम गोटे. साक्षीदार म्हणून नव्हे. बोलावणे पोचले म्हणून.