इल्पोसमोर मी बडबडले

कुओपिओ, १२ मार्च

प्रिय तूलिक्कीताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. तळं अजून गोठलेलंच आहे, पण बर्फावरून गाडी नेऊ नका अशा पाट्या लागल्यात.

ऑफिसात नवं खूळ आलंय. हाताखालच्या प्रत्येकाबरोबर दर पंधरा दिवसांनी दोघांनीच बसायचं. या भेटी जास्त कामाच्या कशा करायच्या ते शिकवायला हेलसिंकीहून एक गृहस्थ आले होते. म्हणाले, "प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा." आम्हा फिनलंडच्या माणसांना, गप्प बसायला शिकवायचं! इल्पो माझ्या कानाशी पुटपुटला, "हे शिकायला फी पण आहे का?"

इल्पो आठवतो ना? लाकूड कापायच्या यंत्रांचे आराखडे करणारा, माझ्या लग्नात तुझ्या शेजारी बसलेला. त्याची-माझी भेट म्हणजे कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव आणि खिडकीबाहेर बघणं. मध्येच तो म्हणणार, "पात्याचं माप चुकतंय." मी म्हणणार, "बघते." संपलं. सगळ्यांत उपयोगी भेट हीच.

गेल्या आठवड्यात आमचे वरिष्ठ रांताला यांनी मला बोलावून सांगितलं, की उन्हाळ्याआधी इल्पोची जागा जाणार. जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, काढलं तर माझीही नोकरी जाईल. आणि काल भेटीत इल्पो म्हणाला,

"योएन्सूच्या एका कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलंय. पगार थोडा कमी आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी नाहीच म्हणणार आहे. तुला काय वाटतं?"

ताई, दोन मुली शाळेत आहेत त्याच्या. या वयात त्याला दुसरं कोण घेणार? खरं सांगता येईना, आणि मग बोलतच सुटले. पावात साखर जास्त झालीय, यंदा बर्फ लवकर वितळणार, ताईचा गुडघा... थांबताच येईना.

इल्पोनं कप खाली ठेवला. माझ्याकडे निरखून बघितलं.

"मार्युत, इतक्या वर्षांत तू एवढं कधी बोलली नाहीस."

मी टेबलावर सांडलेली साखर बोटानं गोळा करायला लागले.

"बरं. त्यांना हो कळवतो." जाताना त्यानं आपला अर्धा पाव माझ्याकडे सरकवला.

मी मुद्दाम बडबडले का, ते विचारू नकोस. माझं मलाच माहीत नाही. तो वाचला याचा मात्र आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली.

सोमवारी रांतालांबरोबर माझी भेट आहे. समोरून आलं तर नुसती मान हलवणारा हा माणूस. आज जिन्यात थांबून माझ्या बागेची चौकशी केली. मग स्वतःच्या बोटीचं सांगत बसले. मग हवेचं. मग परत बागेचं.

माझं पत्र एरवी चार ओळींचं असतं ना, ताई? आज कागद मागूनही भरला आणि हात काही थांबत नाहीये.

तुझी घाबरलेली,
मार्युत