सातवी ‘ब’ आणि माझी नवी पद्धत

३ डिसेंबर, सकाळ
आजपासून कवायत बंद. बावीस वर्षं ‘सावधान, विश्राम’ ओरडलो, पुरे. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं, खेळ मुलांनी बनवायचा, नियम त्यांचे, सरांनी फक्त प्रश्न विचारायचे. हे मी मनातल्या मनात कधीपासून करतच होतो.

५ डिसेंबर
पी.टी.च्या तासाला सातवी ‘ब’ला विचारलं, कोणता खेळ घेऊ या? त्यांनी सावलीत बसायचं ठरवलं. चाळीस मिनिटं बसले. निर्णय त्यांनी घेतला, हे महत्त्वाचं.

९ डिसेंबर
दोन टायर, एक चेंडू. प्रश्न विचारला: चेंडू अडवायचा तर कुठे उभं राहाल? वर्गातली एक चष्मेवाली म्हणाली, सर, आधी तुम्ही जरा बाजूला व्हा. झालो. मग खेळ जमला. प्रश्न अचूक होता.
बायको म्हणाली, म्हणजे तुम्ही नक्की करता काय? सवडीने समजावेन.

१६ डिसेंबर
वर्षभर पोटदुखीची चिठ्ठी आणणारी लांब वेणीवाली आज तीनदा पडली, तीनदा उठून धावली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असावा.

१९ डिसेंबर
मलाही घ्या म्हणालो. त्यांनी मतदान घेतलं. सदतीस विरुद्ध शून्य. लोकशाही रुजली.
चष्मेवाली म्हणाली, सर, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही आलात की सगळे तुमच्याकडेच बघत बसतात.
वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. घरी बूट न काढता खुर्चीत बसलो. चहा टाकू का, असं बायकोने दोनदा विचारलं म्हणे.

२३ डिसेंबर
उद्या तपासणीचे साहेब येणार. ‘माझी पद्धत’ या विषयावर भाषण तयार. चार पानं. पाचवं करता आलं असतं, पण नम्रता हवी.

२४ डिसेंबर
चष्मेवालीने साहेबांना नियम समजावले. साहेब कोट काढून स्वतः खेळले. मतदान झालं नाही.
शेरा: उत्कृष्ट. हे कोणी शिकवलं, असं त्यांनी हेडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांनीच केलं सगळं. बरोबरच आहे, पद्धतच तशी आहे.
मी दप्तरांपाशी उभा होतो. जाताना साहेबांनी माझ्याकडे त्यांचा कोट मागितला. दिला. थँक्यू म्हणाले.

२६ डिसेंबर
हेडबाई म्हणाल्या, सातवी ‘ब’चं छान चाललंय, त्या तासाला तुम्ही वाचनालयात बसा, पुस्तकांवर नंबर घालायचे राहिलेत.
बसलो. बाहेर आरडाओरडा चालला होता. बहुतेक कोणीतरी जिंकलं.
एकशे बारा पुस्तकं झाली.