निविदांचं पान

सोमवार, सकाळचे अकरा. तारीख शिंपीणबाई घालतील. त्या म्हणतात, नऊ.

चि. खिळ्यास,

आजीचे आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा होता तिथेच आहे. तूही ठीकच असशील, रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये दिसतोस, गालावर तुकतुकी आहे.

पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहून घेतायत. त्यांना बजावलंय, बोलते तसं लिहा, माझ्या बोलण्याला अस्तर लावू नका. आत्ताच त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या पत्रकाराला खिळ्या लिहू?" लिहा. तीन वर्षांचा असताना आजोबांच्या खिशातला छापखान्याचा खिळा, शिशाचं अख्खं एक अक्षर, गिळलं होतं त्याने. दोन दिवस घरदार वाट बघत बसलं. बाहेर आला तेव्हा आजोबांनी तो तीन पाण्यांनी धुतला आणि परत खणात टाकला. उद्याच्या पेपराला लागणार होता म्हणाले. शिंपीणबाई हसतायत, म्हणून अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतोस आणि बोटं दुसरीकडेच टकटकत असतात. शिवाय माझं बोलणं कापायला आणि जोडायला तू आता शिकलास. कागद कापलास तर निदान कापलेला दिसेल.

तर, तुझं ते शिबिर. पेपरवाल्यांना नवीन यंत्रं शिकवायचं. मला काही ते वाईट वाटलं नव्हतं हो. आजोबा पंचवीस वर्षं खिळे जुळवून मग संगणकापुढे बसायला शिकलेच की, बोटं शिसं उचलून काळी पडली होती तरी. तू आठ महिन्यांनी घरी आलास आणि इथेच, या खुर्चीवर बसून सगळं सांगत होतास. फोन कसा उभा धरायचा, कुठला फोटो खरा आणि कुठला बनवलेला हे कसं ओळखायचं, यंत्राकडून एखाद्या माणसाचा हुबेहूब आवाज कसा काढून घ्यायचा. बघणाऱ्याला पहिल्या तीन सेकंदांत पकडायचं म्हणालास. मी म्हटलं, बातमी सांगताय की मासे धरताय? तू हसलास. तुला हसताना बघून मला किती दिवसांनी बरं वाटलं, ते मी तेव्हा बोलले नाही.

मग म्हणालास, "आजी, सरावासाठी एक छोटा व्हिडिओ करायचाय. नुसता पेपर हातात धर आणि तोंड हलव. काहीही बोल." मी म्हटलं, काय बोलू? "काहीही गं." म्हणून मी बोलले, "तुझी कॉलर मळली आहे, केस कापून ये, आणि जेवून जा." तीन वेळा बोलले. तू म्हणालास, झकास.

आता गावभर ती झकास फिरतेय. तोंड माझं, सुरकुत्या माझ्या, आणि आवाज माझ्यासारखा पण तूप लावलेला: "अक्षरांनी मला नवा जन्म दिला. माझ्या नातवाने मला चाळीस संध्याकाळी शिकवलं." शी! शिंपीणबाईंनी दाखवलं तेव्हा अंगावर पाल पडावी तसं झालं. ओठ 'जेवून जा' म्हणतायत आणि आतून कुणी परकी बाई भाषण ठोकतेय. अरे, पायातली चप्पल न विचारता नेली तर चोर म्हणतात. तू तर तोंडातली जीभ नेलीस.

चाळीस संध्याकाळी म्हणे. तुझं शिबिरच चाळीस दिवसांचं होतं. तो आकडा तुला तिथेच सुचला असणार.

आता जे सांगते ते शिंपीणबाईंनाही माहीत नाही. तो व्हिडिओ फिरायला लागल्यावर एक दिवस मी दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले. दर महिन्याला वहीत अंगठा उमटवते, गोळ्या घेते, येते. यावेळी कंपाउंडरने शाईची डबी बाजूला सारली आणि पेन पुढे केलं. "आजी, आता अंगठा कशाला? आम्ही बघितलंय सगळं. होऊन जाऊ दे सही!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोन वर धरला. माझ्या हातात पेन. खिळ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षं मला लिहिता येत नाही याची लाज वाटली नव्हती. कुणी विचारलं की सांगायचे, येत नाही. संपलं. त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली, आणि मी खोटं बोलले. म्हणाले, "चष्मा विसरले." गोळ्या न घेता घरी आले. चार दिवस गोळ्या नव्हत्या.

(शिंपीणबाई लिहायच्या थांबल्या आहेत. मला रागावतायत. "मला सांगायचं नाही का हो?" लिहा, बाई, पुढे लिहा.)

हे सगळं मी गिळलं असतं. तू खिळा गिळलास, मी हे गिळलं असतं. पण मग कुणा निवृत्त मास्तरांनी व्हिडिओखाली लिहिलं, की आजीबाईंच्या हातातला पेपर उलटा आहे. मग काय, लोकांना करमणूकच झाली. आणि त्याखाली तू लिहिलंस. शिंपीणबाई वाचून दाखवत होत्या, त्या मध्येच अडखळल्या. मी म्हटलं, वाचा. "आजीचं वय झालंय. हल्ली कधीकधी भान राहत नाही. कृपया समजून घ्या."

भान राहत नाही.

दूध नासलं की आपण ओतून देतो, पातेलं घासतो. तू नासलेलं दूध 'दही आहे' म्हणून वाढलंस. एवढा वीट मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तुझ्या आजोबांच्या संपादकाला मी चांगली ओळखत होते.

आणि परवा फोनवर म्हणालास, पुढच्या बुधवारी येतोयस, ऑफिसातली दोन माणसं घेऊन. मी दोन ओळी पाठ करायच्या, पेपर सुलटा धरायचा आणि वाचल्यासारखं करायचं. म्हणजे पुढच्या शिबिराचं मास्तरपद तुझ्या हातचं जाणार नाही. "एवढं कर ना गं आजी, माझ्यासाठी."

आता नीट ऐक. म्हणजे वाच.

अक्षरं रेषेला खाली लोंबकळतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. हे कळायला शाळा लागत नाही. पन्नास वर्षं पेपरवाल्याच्या घरात काढली मी. वाचता येत नाही, पण पेपरची सुलटी बाजू मला काळोखातसुद्धा कळेल. तू माझ्या हातात पेपर दिलास तो सरळच दिला होतास. मग तू खिडकीचा पडदा सारायला गेलास, तेव्हा मी तो फिरवला.

मुद्दाम.

आजी नुसती बसलेली दाखवायची तर पेपर कशाला, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यातून तू निविदांचं पान बाहेर काढलंस. फोटो नको होते ना? लोकांचं लक्ष चेहऱ्यावरून हलायला नको. मी मनात म्हटलं, बघू, याला दिसतंय का. खोटा फोटो ओळखायचं शिकून आलाय ना? तीन वेळा घेतलंस. उजेड बघितलास, माझी बट सारखी केलीस, खुर्ची हलवलीस. पान एकदाही वाचलं नाहीस. तुझे आजोबा शिशातली उलटी अक्षरं वाचून सुलटं छापायचे. तू सुलट्या अक्षरांच्या घरात जन्मून उलटं छापलंस.

माझीही चूक आहे, ती लपवत नाही. मी तेव्हाच पेपर खाली ठेवून म्हणायला हवं होतं, "हे बंद कर." म्हटलं नाही, कारण तू आठ महिन्यांनी आला होतास आणि बट सारखी करताना तुझा हात माझ्या कपाळाला लागला होता.

बरं, आजोबांचं एक सांगते आणि आवरते, शिंपीणबाईंना दुपारी कुणाचा कोट द्यायचाय. एकदा त्यांच्या हातून निधनवार्तेत एक नाव चुकून दुसरंच लागलं. जिवंत माणूस मेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूकदुरुस्तीची चौकट स्वतः जुळवली, तो पेपर घेतला आणि चालत त्या माणसाच्या दारात गेले. त्या मेलेल्या माणसाने त्यांना दोन शिव्या दिल्या आणि चहा पाजला. घरी येऊन म्हणाले, "चूक जेवढ्या अक्षरात छापली, दुरुस्तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवी. बारीक टायपात माफी मागायची नसते." संपादकाने ती चौकट बारीक टायपातच छापायला लावली होती, तो भाग वेगळा. म्हणून तर त्याला ओळखत होते.

तर बुधवारी पाठांतर होणार नाही. तुझी माणसं आली तर मी कॅमेऱ्यापुढे शाईची डबी घेऊन बसेन. तुझ्याच तोंडाने सांग, त्याच फोनवर, तेवढ्याच मोठ्याने: आजीला वाचता येत नाही, मी तिला एकही संध्याकाळ शिकवलं नाही, तिचं भान शाबूत आहे. मास्तरपद गेलं तर जाऊ दे. राहिलं तर शिबिरात पहिला धडा हाच दे, मी फुकट परवानगी देते.

एक राहिलं. हे सांगणार नव्हते. तुझा व्हिडिओ येण्याच्या आठवडाभर आधी शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, "शिकायचंय का, आजी? कापडावर खडूने काढून दाखवते." मी हो म्हटलं होतं. आता नको म्हणून सांगितलंय. आज मी अक्षर शिकले तर तुझं खोटं खरं होईल, आणि तेवढे उपकार मी तुझ्यावर करणार नाही. आधी तू दुरुस्ती कर. मग माझा खडू मला परत मिळेल.

कॉलर धुऊन घाल. केस काप. जेवायला ये, फोन ठेवून.

खाली माझा अंगठा आहे. हा उलटा धरलास काय नि सुलटा धरलास काय, माझाच राहील.

तुझी भानावर असलेली,
आजी