जगदेवीच्या सुटकेबाबत आणि त्या सिनेमाबाबत

मी, प्रभुलिंग गुंडप्पा बिरादार, वय ५६, काम लेखन, शिक्षण सातवी (पुढचं माझं मी), राहणार मैलूर, बीदर, आज सकाळी अकराला समज शाबूत असताना, कुणाच्याही दाबाखाली न येता हे लिहितो. स्मृतिभ्रंशाचा अहवाल आणि आजच्या शुद्धीचा दाखला, दोन्ही सोबत जोडले आहेत. दिवस थोडे आहेत.

१. मैलूरचं घर आणि माझ्या तिन्ही कादंबऱ्यांचे हक्क पत्नी जगदेवीला. चौथी अर्धी आहे. ती कुणी पुरी करू नये.

२. माझ्या मराठीला 'सीमेवरची अशुद्ध' म्हणणारे प्राध्यापक अंकुशराव यांना माझा शब्दकोश. त्यात 'कामून' (म्हणजे 'का') नाही. त्यांनी पेन्सिलीनं लिहून घ्यावं.

३. माझ्या आजारावर पुतण्या महेशकुमारनं सिनेमा केला, गेल्या आठवड्यात घरी आणून दाखवला. त्यात नवरा बायकोला विचारतो, "अक्का, तुम्ही कुणाकडं आलाव?" ती गोड हसते. अक्का म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडं अनोळखी बाईलाही मानानं तसंच म्हणतात. एकतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला मी मान देऊन परकी केलं, हे खरं. पण पुढं तिला चोर म्हणून तिचं मनगट पिरगाळलं. सहा आठवडे प्लास्टर होतं.

जगदेवी म्हणाली, "माझा हात कामून न्हाई दाखवला?"

"बघणाऱ्याला सहन व्हायचं न्हाई, काकू."

"मग मला व्हायलंय व्हय?"

हात दाखवल्याशिवाय सिनेमाला परवानगी नाही.

४. सलग तीन दिवस मी जगदेवीला ओळखलं नाही, तर चौथ्या दिवशी मला कलबुर्गीला, सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवावं. खर्च मुडबीच्या जमिनीतून. माझी सेवा हा तिच्या वाट्याचा भाग नाही. उरलेली जमीन बहीण सिद्धम्माला. 'जगदेवीनं नवऱ्याला टाकलं' असं एकदा जरी बोलली, तर तीही जगदेवीला.

वकील म्हणाले, "अप्पा, हे मेल्यावर लागू होतं. जित्यापणी उपयोग न्हाई."

मी म्हणालो, "मी डोक्याकडून मरायलोय, साहेब. पायाची वाट कामून बघायची?"

कायद्यात बसत नसेल तर ही विनंती समजावी.

५. पुढं मी रडेन, पदर धरेन, घरी न्या म्हणेन. तसं म्हणणारा माणूस मी नव्हे, त्याची सही माझ्यासारखी आली तरी. जगदेवीनं त्याचं ऐकू नये. ऐकू नये. दोनदा लिहिलं आहे; ती चूक नव्हे.

सही : प्रभुलिंग गुंडप्पा बिरादार

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. डॉ. संध्या कांबळे
२. नागनाथ सूर्यवंशी, शेजारी

बीदर, १४ नोव्हेंबर २०२४