आजोबांचा सॅल्यूट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
आजपासून रोज नोंद. शिस्त राहावी म्हणून. कुणी वाचायचं कारण नाही.

तेवीस तारखेला, रविवारी, महूला बाबांचा ऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी पडद्यावर माझे आजोबा, फौजेतले नाईक दगडू, चालतील, वळतील आणि बाबांना सॅल्यूट ठोकतील. दिवाळीत सगळ्या नातेवाइकांसमोर हे जाहीर केलं. बाबा म्हणाले, बघू. मी एमएस्सी झालो तेव्हाही बघू म्हणाले होते, लग्न ठरलं तेव्हाही. या वेळी त्यांच्या तोंडून शाब्बास काढायचंच.

आजोबांचा थ्रीडी पुतळा कॉम्प्युटरवर तयार आहे. दीड वर्षाचे रविवार त्यात गेले. महूच्या घरात भिंतीवर फोटो आहे, त्याबरहुकूम: सावधान, छाती पुढे, मुठी पँटच्या शिवणीला चिकटलेल्या. आता फक्त रिगिंग, म्हणजे पुतळ्याच्या आत हाडं बसवणं. ते हल्ली सॉफ्टवेअर आपोआप करतं. एका संध्याकाळचं काम.

५ नोव्हेंबर
पहिलं टूल. पुतळा वेबसाइटवर चढवा, हनुवटी, कोपर, मनगटं, गुडघे इथे टिंबं ठेवा, हाडं तयार. ठेवली. सॅल्यूटचा हुकूम दिला. आजोबांनी हात उचलला आणि उजवी पँट हाताबरोबर कपाळापर्यंत गेली.

पंचशीला चहा घेऊन मागे उभी होती. म्हणाली, अहो, हे सॅल्यूट करतायत की पँटनं घाम पुसतायत? बायकोनं मला हसावं, ठीक. सासऱ्यांच्या वडिलांना हसू नये.

निष्कर्ष: टूल नालायक.

६ नोव्हेंबर
घाई तर केली नाही ना? सांवेर रोडच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. एक खोका वाकडा निघाला म्हणून आपण अख्खा लॉट रिजेक्ट करत नाही. म्हणून पुन्हा केलं. डाव्या हातानंही. डावी पँटही वर गेली. म्हणजे माझा राग न्याय्य होता. बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुसरं टूल. हेल्पचं पान पूर्ण वाचलं, कारण न वाचता दोष देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पहिलीच ओळ: पात्राचे दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरलेले असावेत.

बराच विचार केला. ही सूचना सिव्हिलियन पात्रांसाठी असणार. फौजी माणूस दोन्ही हात पसरतो तो फक्त झडती देताना. बाबा स्वतः फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांचे वडील झडतीच्या पोझमध्ये दिसले तर मलाच फाटकाबाहेर सावधान उभं करतील. त्यांना विचारून बघावं का? गरज नाही. सेहेचाळीस वर्षं ओळखतो त्यांना.

सूचना सोडून बाकी सगळं तंतोतंत पाळलं. आजोबा चालले. पण प्रत्येक पावलाला मूठ मांडीबरोबर पुढे. खिशातली चिल्लर पडू नये म्हणून धरून चालल्यासारखे. हे टूल पहिल्यापेक्षा हरामखोर.

१० नोव्हेंबर
लंच टाइममध्ये यतीन माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावला. पॅकेजिंग डिझाइनला आहे, नाशिकहून आलेला. म्हणाला, सर, यांचे हात मांड्यांना वेल्ड झालेत. हात कुठे संपला आणि पँट कुठे सुरू झाली, ते मशीनला कसं कळणार? आधी हात उघडा, हाडं बसवा, मग खाली आणून सावधान करा. परत खाली येतात की!

मी म्हटलं, आमच्या घराण्यात हात आधी उघडत नाहीत. तर म्हणतो, अरे भिया, टेन्शन मत लो, मी देतो ना करून.

भिया! भैयाचं इथलं भिया उचललं. इथे येऊन दोन वर्षं नाही झाली आणि महूच्या फौजी घराला ड्रिल शिकवतो.

हा मत्सर आहे का, ते घरी येऊन प्रामाणिकपणे तपासलं. नाही. त्याच्या शर्टांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट आहे.

१३ नोव्हेंबर
तिसरं टूल. एआयवालं. टिंबं ठेवायची नाहीत, ते स्वतः ओळखतं. ओळखलं. संदेश आला: हात आढळले नाहीत. पात्राचा प्रकार: पक्षी?

माझ्या आजोबांना पेंग्विन समजणाऱ्या कंपनीला कडक तक्रार पाठवली. भाषा सभ्य ठेवली. दोन शब्द नंतर काढले.

१४ नोव्हेंबर
उत्तर आलं, शिखा नावाच्या कुणाचं तरी. कृपया पात्राचे हात पसरावेत. मी उलट टपाली आजोबांची पलटण, पदकं आणि सेवेचा तपशील कळवला. संध्याकाळी पुन्हा उत्तर. आजोबांच्या देशसेवेबद्दल आभार. कृपया हात पसरावेत.

हे लोक वाचतच नाहीत.

१७ नोव्हेंबर
संकल्प: आपोआप काहीही नको. कुठल्या हाडामागे किती कातडी जाईल ते हातानं रंगवायचं. मूठ सुटली. पण तिच्याबरोबर मांडीचा तुकडाही सुटला आणि हवेत राहिला.

कारखान्यात आज तीन लॉट रिजेक्ट केले. त्यातला एक चांगला होता, हे नंतर लक्षात आलं. तो परत घेतला. उरलेल्या दोनांबद्दल मन साफ आहे. बहुतेक.

२० नोव्हेंबर
पंचशीला म्हणाली, एकदा बाबांनाच विचारा ना, हात पसरलेले चालतील का. विचारायला काय जातंय? स्वतःच फोन लावून माझ्या हातात दिला. बाबांनी विचारलं, काय काम? म्हटलं, काही नाही, तब्येत. म्हणाले, ठीक आहे. ठेवला.

त्यांना या वयात तांत्रिक बाबींत ओढणं योग्य नाही.

२१ नोव्हेंबर
यतीननं विचारलं, झालं का सर? म्हटलं, जवळजवळ. हे खोटं नाही. पुतळा तर झालाच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी
मार्ग सापडला! आजोबा हलणारच नाहीत. तीन मिनिटं सावधान, कॅमेरा भोवती फिरेल. हालचाल म्हणजे उथळपणा. खरा जवान हलत नाही. पापणी दोनदा लवते, ती मी स्वतः केली. बाबांना हेच आवडणार. इतके दिवस या टूलवाल्यांच्या नादी लागलो, हीच चूक.

२३ नोव्हेंबर, रविवार. महूहून परत आल्यावर
बुद्धवंदना झाली, केक झाला, दिवे मालवले. आजोबा पडद्यावर उभे. थोड्या वेळानं मागून कुणीतरी विचारलं, अटक गया क्या? दुसरा म्हणाला, नेट स्लो असेल. मी सांगितलं, हे असंच आहे. कुजबुज वाढली. मग मला वाटलं, दोष टूलचा आहे हे लोकांना दाखवणं माझं कर्तव्य आहे. पँट कपाळाला जाते तो पुरावा उघडायला गेलो, तर केबल निघाली. प्लग शोधायला टेबलाखाली शिरलो.

पुढचं पंचशीलानं गाडीत सांगितलं.

बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, आमचे अप्पा असे कधी उभेच राहिले नाहीत. फोटोवाल्यानं दम दिला म्हणून तेवढा एक दिवस. सुट्टीवर आले की फाटकातच दोन्ही हात असे करायचे, मी या हाताला लटकायचो आणि धाकटा त्या हाताला. आई ओरडेपर्यंत तसेच उभे. आणि बाबांनी करून दाखवलं. दोन्ही हात, खांद्याच्या रेषेत, बाजूला. बराच वेळ तसेच उभे होते म्हणे.

टेबलाखाली प्लगच्या नादात बाबांचं बोलणं माझ्या कानात शिरलंच नाही, फक्त नंतरची शांतता ऐकू आली. वाटलं, पिक्चर आवडला.

केबल हातात घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांचे हात खाली आले होते. काय झालं ते दोघातिघांनी एकदम सांगितलं. म्हटलं, बाबा, पुन्हा एकदा करा ना, फोटो काढतो. म्हणाले, झालं ते. तू कुठे होतास? चल, जेवायला बस.

शाब्बास नाही. बघूसुद्धा नाही.

पुतळ्यासाठी पंचशीलाला विचारून घेतलं. तळवे खाली होते, हे तिला पक्कं आठवतं. कोपरं सरळ होती की वाकलेली, ते तिला सांगता येत नाही.