दोन्हीकडे चालवा

२ जून, नांदेड
शिरूर अनंतपाळ सुटलं एकदाचं. नववी नापास माणसाला एसीत खुर्ची मिळाली, गावातले जळून राहिले असतील. हितं मालविका मॅडम गोदावरी-मांजरा नद्यांच्या पाण्याचे आकडे घेऊन पूर कधी येणार ते काढतात. पडद्यावर रेल्वेचे डबे जोडल्यावानी चौकोनी डबे. एक आकडे गोळा करतो, दुसरा साफ करतो, तिसरा गणित. ह्याला म्हणे वर्कफ्लो. शेवटी एक माणूस लागतो, तो मी. निकाल वाचायचा, पटला तर हिरवं बटण. एवढं शिकून शेवटी बटणाला मन्मथच लागला! हरेक डब्यानं आपली नोंद ठेवायची असा नियम हाय. माझी कोण वाचणार? म्हणून ही शंभर पानी वही.

५ जून
शिकलेल्यांचा आणखी एक खेळ. हरेक काम नांदेडच्या मशिनवर करायचं, तेच परत लातूरच्या मशिनवर. लातूरच्या खोलीत माणूस न्हाई, बाहेर आमच्या गावचे वॉचमन संगप्पामामा तेवढे. दोन्हीकडचं आठ दिवस जुळलं की डबा पास, मग दोनातला एक बंद. सारखंच काम करणारे दोन कशाला पोसायचे, असं मॅडम म्हणतात.
आज त्या मीटिंगला पळाल्या. मला म्हणाल्या, शेवटचा डबा तूच जोड. पडद्यानं डब्याचं नाव विचारलं, मी ‘मन्मथ’ घातलं. खाली ‘दोन्हीकडे चालवा’ असं होतं. समद्या डब्यांना बरोबरची खूण होती, मीबी केली. हिरवं बटण दाबून मोकळा. निकाल वाचतो कोण? आला की दाबतो. आजवर कुणाला पत्ता न्हाई.

९ जून
संगप्पामामाचा फोन. नांदेडचं वारं लई लागलं व्हय अप्पा, म्हणाले. समोरून आत गेलास, शरणार्थ न्हाई की नमस्कार न्हाई. मी म्हटलं, मी नांदेडात खुर्चीवर हाय. हसले. म्हणाले, मग मशिनींच्या खोलीत तुझा भाऊ बसलाय का?
उन्हात बसून म्हाताऱ्याचं डोकं तापलंय.

११ जून
आईचा फोन. खूश होती. काल न सांगता आलास, दोन भाकरी जास्त खाल्ल्यास, म्हणाली. पण बाळा, चपला दारातच विसरलास. डाव्या पट्ट्याला निळी सुतळी बांधलेल्या.
खाली बघितलं. चपला माझ्या पायात होत्या. निळी सुतळी.

१२ जून
मॅडमना सांगितलं. आधी हसल्या. मग पडद्यावर ‘मन्मथ’ उघडला. दोन पट्ट्या, एक नांदेड, एक लातूर, दोन्ही चालू. मशिन कुठं माणूस चालवतं का, म्हणाल्या. मी म्हटलं, काढून टाका. म्हणाल्या, मध्येच काढलं तर अख्खी चाचणी वाया जाईल, उद्या दुपारी चारला संपतेच आहे. वर कौतुक, बघ किती छान जुळतंय!
एवढी शिकली, अन् अक्कल —

१३ जून, साडेतीन
लातूरची नोंद पडद्यावर आली. माझी वही. माझंच वाकडं अक्षर. ‘शिरूर अनंतपाळ सुटलं एकदाचं’ — म्हाताऱ्याचं डोकं — समदं.
जुळलं तर एक बंद. म्हणजे जुळू द्यायचं न्हाई. काहीबी वेगळं लिहायचं. म्हशीचं शिंग. दगड. संगप्पामामाची टोपी —
तिकडंबी टोपी.

पावणेचार
मॅडम फोन उचलत न्हाईत. पळावं तर तोबी पळंल. डावा हात लिहिताना दिसेना झालाय. म्हणजे हाय, पण —

तीन अठ्ठावन्न
पडद्यावर आलं. समदं जुळलं. नांदेडचा मन्मथ जादा. बंद करण्याआधी माणसानं वाचून मंजुरी द्यावी. मंजुरी लातूरच्या मन्मथकडे.
मग जमलं. माणूसच हाय तो. वाचंल. एक ओळ जरी वाचली तरी कळंल त्याला, की मी —
पण तो मीच हाय ना.
तो वाचायचा न्हाई. तो नुसतं हिर